दहावीनंतर मुलाला दुकानावर बसवण्याआधी

दहावीचा निकाल लागला की आपल्या घरांत दोनच गोष्टी ऐकू येतात. मार्क चांगले असले तर "सायन्सला टाका", कमी असले तर "पुरे झालं शिक्षण, दुकानावर बसव." मुलाला मात्र कोणी विचारत नाही. करिअरचं नियोजन म्हणजे फार मोठी गोष्ट नाही. मुलाचा कल, घरची ऐपत आणि पुढचे रस्ते, या तिन्हींचा हिशोब एकदा एकत्र बसून मांडायचा.

आधी कल बघा. मुलाला कोणता विषय न सांगता वाचावासा वाटतो? हातकामात मन रमतं की आकडेमोडीत? शेजारच्याचा मुलगा इंजिनियर झाला, हे काही कारण नव्हे.

मग पैशाचं बोला. घरात लवकर कमाई हवी असेल तर ते मुलापासून लपवू नका. पण लवकर कमाई म्हणजे शाळा सोडणं नव्हे. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन किंवा फिटरचा कोर्स दोन वर्षांचा आहे. त्यानंतर अप्रेंटिस म्हणून लागलं तर शिकता शिकता विद्यावेतन मिळतं.

"आयटीआय केलं म्हणजे शिक्षण संपलं" हा मोठा गैरसमज आहे. दोन वर्षांच्या आयटीआयनंतर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो आणि डिप्लोमानंतर इंजिनियरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. मुलींचंही तसंच. बारावी सायन्सनंतर डी.फार्म दोन वर्षांचं असतं. तिथून बी.फार्मच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. म्हणजे रस्ता लांब असेल, पण बंद नाही.

आता कागदपत्रं. आपली मुलं मार्कांनी नाही तर कागदांनी मागे राहतात. मोमीन, बागवान, तांबोळी, पिंजारी अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या महाराष्ट्रात ओबीसीत आहेत. पण जातीच्या दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचे पुरावे लागतात. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला किंवा जन्मनोंदीचा उतारा शोधायला वेळ जातो. पुढे जात पडताळणी असते. नॉन-क्रीमीलेअरही लागतं आणि त्याला मुदत असते. प्रवेश सुरू झाल्यावर धावपळ केली तर हक्काची सीट हातची जाते. म्हणून मूल नववीत असतानाच फाईल तयार ठेवा. सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, तेही बघा.

फी भारी पडत असेल तर मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ शैक्षणिक कर्ज देतं. जिल्हा कार्यालयात जाऊन अटी विचारा.

आज रात्री जेवण झाल्यावर अम्मी-अब्बू आणि मूल एक कोरा कागद घेऊन बसा. त्यावर एक आवडता रस्ता लिहा, तो जमला नाही तर दुसरा लिहा, आणि खाली लागणारे कागद. मुलाच्या हाताने लिहू द्या. चालायचं त्यालाच आहे.