सावली सांभाळा : डिजिटलनंतरची फिल्म

आज बहुतेकांच्या खिशात कॅमेरा आहे. तरीही काही तरुण मंडळी जुना फिल्मचा कॅमेरा हाती घेत आहेत. त्यांचा पहिला रोल पुष्कळदा फिका नि करडा निघतो. दोष फिल्मला दिला जातो; वास्तविक तो सवयीचा असतो. कसा, ते पाहू.

डिजिटल कॅमेऱ्यात प्रकाश फार झाला की आभाळ किंवा पांढरा सदरा कोरा पडतो, आणि गेलेला तपशील परत येत नाही. म्हणून तेथे उजळ भाग राखून प्रकाश थोडा कमीच द्यायची सवय लागते. निगेटिव्ह फिल्मचा स्वभाव नेमका उलटा. तिच्यावर जिलेटिनमध्ये चांदीच्या क्षारांचे बारीक कण असतात. कृष्णधवल फिल्ममध्ये, ज्या कणांवर पुरेसा प्रकाश पडला त्यांचीच डेव्हलपरमध्ये काळी चांदी होते. उरलेले हायपोत विरघळून जातात. सावलीतल्या चेहऱ्याकडून पुरेसा प्रकाश आला नाही, तर त्याची खूणच उरत नाही. जे उमटलेच नाही ते मागाहून कोठून आणणार? थोडा जास्त प्रकाश मात्र निगेटिव्ह निमूटपणे सोसते. स्लाइडची फिल्म तेवढी याला अपवाद.

कारखान्याच्या फाटकावरची सभा घ्या. पुढारी उन्हात उभा, कामगार झाडाखाली बसलेले. पुढाऱ्याच्या सदऱ्यावर प्रकाश मोजला, तर पुढारी तेवढा स्पष्ट येईल आणि सभा काळोखात जाईल. म्हणून प्रकाश झाडाखाली मोजावा. प्रकाशमापक नसेल तर जुना ठोकताळा आहे : ४०० संवेदनशीलतेची फिल्म, पडद्याचा वेग सेकंदाचा पाचशेवा भाग, लख्ख उन्हात छिद्राचा आकडा १६, मोकळ्या सावलीत सुमारे ४. डिजिटलमध्ये संवेदनशीलता प्रत्येक चित्राला बदलता येते. येथे ती सबंध रोलला एकच.

रोल चढवल्यावर फिल्म पुढे ओढताना डावीकडची गुंडाळण्याची कळ फिरते का, ते पाहावे. सैल फिल्म ताणून घेतल्यावरही ती फिरली नाही, तर फिल्म पकडलेली नाही आणि सगळे श्रम वाया. रोल परत गुंडाळण्यापूर्वी मागचे झाकण उघडू नये. सुरुवातीचे चार-पाच रोल एकाच जातीचे घ्यावेत आणि प्रत्येक चित्राचे आकडे वहीत टिपावेत. चित्र लगेच दिसत नाही, तेव्हा वही हाच शिक्षक.

रोल स्वस्त नाही. १९६० साली उटीला स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' फिल्म काढणारा कारखाना बंद पडला आहे. आता माल बहुतांशी परदेशांतून येतो. चित्रे अवघी ३६. तेव्हा कळ दाबण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : या चित्रात सावलीत कोण बसले आहे, आणि ते दिसायला हवे आहे का? उत्तर 'होय' असेल, तर छिद्र एक घर अधिक उघडावे.