दाखल्यातला धर्म आणि प्रार्थनेतला धर्म

कॅथॉलिक शाळेत दलित विद्यार्थ्याने स्वतःशी प्रामाणिक राहावे म्हणजे नेमके काय करावे, हा प्रश्न नीतिशिक्षणाच्या तासाला सुटणारा नाही. त्याचे मूळ शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आहे. 'धर्म व जात' या रकान्यात जे लिहिले जाते तेच शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उतरते. त्या दाखल्याच्या आधारे जातीचे प्रमाणपत्र निघते आणि पुढे ते जात पडताळणी समितीसमोर जाते. मूल सहा वर्षांचे असताना बापाने सांगितलेल्या आणि कारकुनाने लिहिलेल्या एका शब्दावर पुढचे सारे आयुष्य तोललेले असते.

पिंगळीसारख्या गावातून परभणीला आणि तिथून पुढे शिकायला गेलेल्या आमच्यापैकी अनेकांना मिशनच्या वसतिगृहांनी भाकरी आणि छप्पर दिले. हे ऋण मी नाकारीत नाही. मराठवाड्यात कॅथॉलिक मिशन १८९०च्या दशकात फ्रेंच मिशनऱ्यांबरोबर घोगरगावला आले, आणि त्यांच्याकडे गेले ते प्रामुख्याने गावकुसाबाहेरचे लोक. औरंगाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत १९७७ साली झाला. म्हणजे येथील कॅथॉलिक समाज हा मोठ्या अंशी आपलाच, महारवाड्या-मांगवाड्यातून उठून गेलेला समाज आहे.

अशा शाळांत आठवड्यातून काही तास वर्ग दुभंगतो. कॅथॉलिक मुले धर्मशिक्षणाला जातात, बाकीची नीतिशिक्षणाला. मी बौद्ध, म्हणून दुसऱ्या खोलीत बसे. पण माझ्याच बाकावरचा एक मुलगा रजिस्टरात हिंदू महार होता आणि तास होताच धर्मशिक्षणाच्या खोलीकडे चालू लागे. खोटी साक्ष देऊ नये ही आठवी आज्ञा त्याला तिथेच पाठ करावी लागे. यात त्या पोराला खोटे ठरवणे फार सोपे आहे.

त्याला या अवस्थेत आणले १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने. अनुसूचित जातींची यादी ठरवताना या आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदूखेरीज इतर धर्मीयांना सर्वसाधारणपणे बाहेर ठेवले. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध आत आले. ख्रिस्ती व मुसलमान दलित आजही बाहेर आहेत. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात धरतात, पण अनुसूचित जातीच्या सवलती त्यांना नाहीत. अॅट्रॉसिटीच्या कायद्याचे संरक्षणही नाही. गावचा पाटील मात्र शिवी देताना बाप्तिस्म्याचा दाखला मागत नाही!

आमच्यातले काही कार्यकर्ते ख्रिस्ती दलितांना 'दोन्हीकडचे खाणारे' म्हणतात, ते मला पटत नाही. १९५६ नंतर महाराष्ट्र सरकारने बौद्धांना राज्यातल्या सवलती दिल्या, पण केंद्रातल्या सवलतींसाठी १९९० पर्यंत थांबावे लागले. त्या काळात किती बौद्ध बापांनी नाइलाजाने कागदावर 'हिंदू महार' लिहिले, हे आपल्या घरांतल्या जुन्या दाखल्यांना विचारावे. त्यांचे बुद्धवंदन खोटे होते असे कोण म्हणेल?

चर्चची जबाबदारी मात्र यातून सुटत नाही. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे बोलताना बाबासाहेबांनी चर्चमधल्या जातिभेदावर आणि ख्रिस्ती लोकांच्या राजकीय उदासीनतेवर बोट ठेवले होते. भारतातील कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेने दलितांविषयीचे आपले धोरण जाहीर करून चर्चमध्ये अस्पृश्यता पाळली जाते हे कबूल केले, ते २०१६ च्या डिसेंबरात. हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला हे पहिले दलित कार्डिनल झाले २०२२ साली. इतका उशीर करणाऱ्या संस्थेने मुलांना सचोटीचे धडे देताना थोडे दबकत द्यावेत.

न्यायालयाचे म्हणणे वेगळ्याच वळणाने गेले. सूसाई या मद्रासच्या चर्मकाराच्या खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालय म्हणाले की, जात धर्मांतरानंतर टिकते एवढे दाखवून भागत नाही. नव्या धर्मातही तेवढेच अपंगत्व भोगावे लागते हे सिद्ध करा. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली तिसरा परिच्छेद काढून टाकण्याची शिफारस केली. ती पडून राहिली. २०२२ साली बालकृष्णन आयोग नेमला गेला आणि त्याला मुदतवाढ मिळत गेली. आणि २०२४ च्या नोव्हेंबरात पुदुच्चेरीच्या सेल्वराणी यांच्या प्रकरणात निकाल आला: बाप्तिस्मा घेतलेल्या, चर्चला जाणाऱ्या स्त्रीने नोकरीसाठी स्वतःला हिंदू म्हणवणे ही संविधानाची फसवणूक होय. आरक्षण धर्मभेदाने वाटण्यात संविधानाचे काय होते, हा प्रश्न तसाच राहिला.

या निकालानंतर शाळांना गप्प बसता येणार नाही. प्रवेशाच्या वेळी, बापाचा अंगठा उठण्यापूर्वीच, या रकान्यात काय लिहिल्याने काय मिळते आणि काय जाते ते त्याला मराठीत समजावून सांगितले पाहिजे. सरकारमान्य वा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीवाचून मुलाला धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही, हे २८ वे कलमही सांगितले पाहिजे. बहुतेक ठिकाणी हे कोणी सांगत नाही. कारण सेल्वराणींचा बाप्तिस्मा सिद्ध झाला तो चर्चच्या नोंदींवरून, आणि आमच्याकडे पुष्कळ ठिकाणी ते बाप्तिस्म्याचे पुस्तक आणि शाळेचे जनरल रजिस्टर एकाच आवारात, एकाच फादरच्या देखरेखीखालच्या दोन कपाटांत असते. या दोन नोंदी जुळत नाहीत हे सर्वांत आधी त्यालाच ठाऊक असते.