अठरा वेळा ‘पार’

गोल्फ म्हटलं की आपल्याकडच्या मध्यमवर्गीय माणसाच्या डोळ्यांसमोर काय येतं? ऐसपैस हिरवळ, पांढऱ्या टोप्या, मागून पिशवी वाहणारा कॅडी आणि खेळापेक्षा खेळणाऱ्याच्या मोटारीचीच जास्त चर्चा. क्रिकेटवर तासन्‌तास वाद घालणारी आपली घरं गोल्फची बातमी आली की पान उलटतात. त्यात नवल नाही. ज्या खेळात धावणं नाही, समोरून चेंडू टाकणारा नाही, अंगावर येणारा प्रतिस्पर्धी नाही, त्यात पाहायचं तरी काय?

पाहायचं असतं ते माणसाचं स्वतःशी चाललेलं भांडण. आणि हे भांडण सर्वांत स्वच्छ दिसलं असेल तर ते 19 जुलै 1987 या दिवशी, स्कॉटलंडमधल्या म्युअरफील्डच्या मैदानावर. त्या रविवारी निक फाल्डो नावाच्या इंग्रज खेळाडूनं ब्रिटिश ओपन जिंकली. एकही डोळे दिपवणारा आकडा त्याच्या कार्डावर नव्हता. तरीही, किंवा त्यामुळेच, गोल्फच्या इतिहासात त्या कार्डाची आठवण आजही काढली जाते.

ज्यांना गोल्फचा गंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. मैदानात अठरा होल असतात. प्रत्येक होल किती फटक्यांत पूर्ण व्हावा हे ठरलेलं असतं. त्या संख्येला म्हणायचं ‘पार’. पारपेक्षा एक फटका कमी लागला तर ‘बर्डी’, एक जास्त लागला तर ‘बोगी’. चार दिवसांत चार फेऱ्या होतात आणि ज्याला सर्वांत कमी फटके लागले तो विजेता. थोडक्यात, आपल्या नेहमीच्या खेळांत धावा किंवा गुण जमवायचे असतात. इथे खर्च कमी करायचा असतो. महिनाअखेर घर चालवणाऱ्या गृहिणीला हा खेळ समजायला वेळ लागू नये.

म्युअरफील्ड हे एडिंबरोच्या पूर्वेला, गलन गावाजवळचं समुद्राकाठचं मैदान. 1891 साली सुरू झालेलं. पहिले नऊ होल घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं बाहेरून फिरतात आणि उरलेले नऊ आतल्या बाजूनं उलटे. त्यामुळे होतं काय, की वारा कधी पाठीवर, कधी तोंडावर, कधी कुशीत. एका होलवर बसवलेला अंदाज पुढच्या होलवर उपयोगी पडेलच असं नाही. त्यात वाळूचे खड्डे, म्हणजे बंकर, असे खोल की आत उतरलेल्या खेळाडूला कधी कधी पुढचं सोडून बाजूलाच चेंडू काढावा लागतो.

आता फाल्डोची मागची गोष्ट. 1957 साली जन्मलेला हा सव्वासहा फुटी तरुण. 1971 मध्ये दूरचित्रवाणीवर अमेरिकेतली मास्टर्स स्पर्धा आणि तिच्यातला जॅक निक्लॉस पाहून गोल्फकडे वळला. एकोणिसाव्या वर्षी व्यावसायिक झाला. 1983 साली युरोपीय मालिकेत पाच स्पर्धा जिंकून पहिल्या क्रमांकावर गेला. त्याच्या फटक्यातली लय पाहून लोक खूश होत. पण मोठ्या स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी, ताण वाढला की ती लय विस्कटायची. इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्याच्या आडनावाची मोडतोड करून ‘ऐन वेळी कोसळणारा’ अशा अर्थाचं टोपणनावही त्याला बहाल केलं.

इथे दुसरा कोणी असता तर नशिबाला बोल लावून मिळतंय त्यात समाधानी राहिला असता. फाल्डोनं 1985 मध्ये डेव्हिड लेडबेटर या प्रशिक्षकाला गाठलं आणि आपला फटका पायापासून नव्यानं बांधायला घेतला. पायांची जादा हालचाल कमी करायची, खांदे आणि कंबर यांचा मेळ नव्यानं बसवायचा, चेंडू वाऱ्यात भरकटणार नाही असा मारायचा. रोज शेकडो चेंडू. हाताला फोड येईपर्यंत. आणि याचं तात्काळ फळ काय? 1985 आणि 1986 या दोन वर्षांत एकही विजेतेपद नाही. लोक म्हणू लागले, चांगला चाललेला खेळ या माणसानं हातानं बिघडवला.

या दोन वर्षांचा अर्थ मला नेमका कळतो, आणि त्याचं कारण गोल्फ नाही. साताऱ्यात मी बावीस वर्षं टायपिंग इन्स्टिट्यूट चालवली. रेमिंग्टन आणि गोदरेजची मिळून चौदा मशिनं होती. अगदी कोरी मुलं यायची, त्यांचं काही अवघड नसे. अवघड असत ती कुठेतरी कचेरीत दोन बोटांनी टायपिंग शिकून आलेली माणसं. दोन बोटांनीच मिनिटाला पंचवीस शब्दांपर्यंत मजल मारलेली. त्यांना दहा बोटांवर आणायचं म्हणजे आधी वेग घालवायचा. पंचवीसचा बारा होई. अनामिका आणि करंगळी ऐकत नसत. पंधरा-वीस दिवसांत बरीच मंडळी फी बुडवून परत दोन बोटांकडे जात. पंचवीसच्या पुढे ती कधीच सरकली नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

एक बाई होत्या. नवरा सरकारी नोकरीत असताना वारला, त्याच्या जागी अनुकंपा तत्त्वावर कारकुनाची जागा मिळाली. पण अट अशी की ठरावीक मुदतीत टायपिंगची परीक्षा उत्तीर्ण व्हायची, नाही तर नोकरी धोक्यात. घरात दोन लहान मुलं, सासू आजारी. त्याही दोन बोटांच्याच. पहिल्या महिन्यात वेग निम्म्यावर आला तेव्हा त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या, “सर, आधीचं बरं होतं की हो. निदान हातात काही होतं.” मी त्यांना म्हटलं, “ताई, आधीचं परीक्षेच्या हॉलपर्यंतच बरं होतं. आत पन्नास मशिनं एकदम वाजायला लागली की दोन बोटं कुठे जायचं ते विसरतात.” त्या रोज सकाळी सहाच्या बॅचला येत राहिल्या. पाच महिने. वेग वाढतोय का, हे त्यांनी विचारणं सोडून दिलं. फक्त चुका मोजायच्या. परीक्षेत त्यांचा वेग सगळ्यांत जास्त नव्हता, पण त्या उत्तीर्ण झाल्या, नोकरी टिकली.

असो. फाल्डोच्या मेहनतीला पालवी फुटली ती 1987 च्या वसंतात. त्या वर्षी त्याला मास्टर्सचं निमंत्रणसुद्धा नव्हतं. बडे खेळाडू ऑगस्टाला खेळत असताना तो त्याच आठवड्यात मिसिसिपी राज्यातल्या हॅटिसबर्गच्या छोट्या स्पर्धेत खेळत होता. तिथे त्यानं चार दिवसांत केले 67, 67, 67 आणि 67. दुसरा आला, पण सारख्या वजनाची चार मापं टाकावीत तसे ते चार आकडे होते. मे महिन्यात त्यानं स्पॅनिश ओपन जिंकली. घडी बसली होती.

जुलैमध्ये म्युअरफील्ड. तीन फेऱ्यांनंतर अमेरिकेचा पॉल एझिंगर 207 वर, फाल्डो 208 वर. शनिवारी वादळी पावसात सगळ्यांचे हाल झाले होते आणि त्याच दिवशी फाल्डोनं तिशी पूर्ण केली होती. रविवारी उजाडलं ते धुकं आणि गारठा घेऊन. एझिंगर वयानं लहान, ब्रिटिश ओपनमध्ये प्रथमच उतरलेला, पण खेळ बिनधास्त. पहिल्या नऊ होलमध्ये त्यानं पारपेक्षा दोन फटके वाचवले. फाल्डोनं? नऊ होल, नऊ पार. फरक एकाचा तीन झाला.

या क्षणाला काय काय मनात येत असेल, याची कल्पना करा. तीन फटके मागे, नऊ होल बाकी, मायदेशातली गर्दी पाहते आहे. आता काहीतरी केलं पाहिजे, असं कोणालाही वाटेल. बंकरच्या काठावरून धोका पत्करावा, झेंड्यावरच नेम धरावा. फाल्डोनं यातलं काही केलं नाही. बारा, तेरा, चौदा… पार, पार, पार. चेंडू वाळूत गेला तर वाळूतून काढून पार. दहाव्या आणि अकराव्या होलवर एझिंगरला बोगी लागल्या आणि आघाडी एकावर आली. पण पुढे बराच वेळ ती हलेना. फाल्डोही हलेना.

अठराव्या होलवर फाल्डोनं पाच नंबरच्या लोखंडी काठीनं चेंडू हिरवळीवर नेला. पहिला ‘पट’ होलच्या पुढे निघून गेला. राहिले सुमारे पाच फूट. दोन वर्षांची मेहनत, लोकांचे टोमणे, टोपणनाव, सगळं त्या पाच फुटांत गोळा झालेलं. त्यानं चेंडू आत घातला. अठरा होल, अठरा पार. बेरीज 279.

मागून येणाऱ्या एझिंगरनं सतराव्या होलवर जोरदार काठी उचलली आणि चेंडू बंकरमध्ये गेला. तिथे बोगी. अठराव्यावर दुसरा फटका डावीकडच्या बंकरमध्ये, पुन्हा बोगी. बेरीज 280. ऑस्ट्रेलियाच्या रॉजर डेव्हिसचेही 280. एका फटक्यानं फाल्डो जिंकला.

तेव्हापासून एक प्रश्न विचारला जातो. फाल्डो जिंकला, की एझिंगर हरला? फाल्डोनं केलं काय, नुसता उभा राहिला, असं म्हणणारे बरेच होते. प्रश्न गैरलागू नाही. एझिंगरनं शेवटचे दोन होल पारमध्ये सोडवले असते, तर फाल्डोचं कार्ड आज कोणाला आठवलं असतं?

याचं उत्तर शोधताना मला त्याच वर्षाचा मार्च आठवतो. बंगळूरची पाकिस्तानविरुद्धची कसोटी. चेंडू हातभर वळत होता आणि सुनील गावसकर आपल्या शेवटच्या कसोटी डावात 96 धावा करून गेला. तंत्र तेच, एकाग्रता तीच, प्रत्येक चेंडू वेगळा मानण्याची सवय तीच. आपण तरीही 16 धावांनी हरलो. तेव्हा चोख तंत्र आणि शांत मन असलं की विजय मिळतोच, असं छापील पुस्तकी वाक्य मी इथे लिहिणार नाही. विजय दुसऱ्याच्याही हातात असतो. आपल्या हातात एवढंच, की संधी दारात येईल तेव्हा आपण घरात असावं. एझिंगर चुकला त्या वेळी फाल्डो त्याच्या एका फटक्याच्या अंतरावर होता. बाकीचे दीडशे खेळाडू नव्हते.

आणि तो नुसता उभा राहणारा नव्हता, हेही काळानं दाखवलं. 1990 आणि 1992 मध्ये त्यानं पुन्हा ब्रिटिश ओपन जिंकली, 1989, 1990 आणि 1996 मध्ये मास्टर्स. 1996 च्या शेवटच्या दिवशी तो ग्रेग नॉर्मनच्या सहा फटके मागे होता. नॉर्मनला 78 फटके लागले हे खरं, पण फाल्डोनं 67 केले. पाच फटक्यांनी जिंकला. म्हणजे गरज पडेल तेव्हा हात मोकळा सोडण्याचं बळही त्याच घडवलेल्या फटक्यात होतं.

एझिंगरचं काय झालं? तो खचला नाही. 1993 मध्ये त्यानं पीजीए स्पर्धा जिंकली. त्याच वर्षाच्या शेवटी कर्करोगाचं निदान झालं, त्यातून बरा होऊन तो पुन्हा मैदानावर आला. आणि 2008 च्या रायडर कपमध्ये अमेरिकेचा कप्तान होता एझिंगर, तर युरोपचा कप्तान फाल्डो. अमेरिका साडेसोळा विरुद्ध साडेअकरा गुणांनी जिंकली. एकवीस वर्षांपूर्वी एका फटक्यानं हरलेला माणूस तिथे चषक उंचावून उभा होता.

घरातल्या मुलांना आपण नेहमी पहिल्या क्रमांकाच्या, षटकारांच्या, शंभरपैकी शंभराच्या गोष्टी सांगतो. त्या सांगाव्यातच. पण परीक्षेच्या आदल्या रात्री घाबरून बसलेल्या मुलाला एखादे वेळी म्युअरफील्डची गोष्टही सांगून पाहावी. समोरचा होल तेवढा पाहायचा, तो पूर्ण करायचा, कार्डावर आकडा लिहायचा आणि पुढच्या होलकडे चालू लागायचं.