मुलांच्या हातावरचा रुपया

पाहुण्यांनी निरोप घेताना घरातील लहान मुलाच्या हातावर काहीतरी ठेवावे, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. मामा किंवा आत्या "खाऊ घे हो" म्हणून नोट पुढे करतात, आई "कशाला, कशाला" असे वरवर म्हणते, मूल आईच्या तोंडाकडे पाहून नमस्कार करते, आणि पाहुण्यांची रिक्षा वळणाआड गेली की ती नोट मुलाच्या मुठीतून आईच्या कपाटात जाते. बारसे, उष्टावण, मुंजीतील भिक्षावळ, भाऊबीज, सर्वत्र हाच क्रम. छत्रपती संभाजीनगरात ईदेच्या दिवशी छावणीच्या ईदगाहावरून मंडळी परतल्यावर मुलांना ईदी मिळते. तिचाही प्रवास पुष्कळदा याच वाटेने होतो. ही रक्कम वस्तुतः कोणाची, आणि तिचे काय करावे, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम आईबापांची बाजू ऐकू. ते म्हणतात, "आज आत्याने आमच्या मुलाला पाचशे रुपये दिले, उद्या तिच्या मुलीच्या हातावर आम्हांलाही तितकेच ठेवावे लागणार. ही दोन घरांमधील देवघेव आहे. मुलाचा हात केवळ निमित्त." या म्हणण्यात तथ्य नाही असे नव्हे. आहेराचेच हे धाकटे भावंड आहे, आणि मध्यम स्थितीच्या कुटुंबाला परतफेडीचा भार खरोखरच जाणवतो. परंतु परतफेडीचे ऋण हे वडीलधाऱ्यांचे आहे. ते मुलाच्या पैशातून फेडावयाचे, तर मूल हे केवळ पाकीट ठरते. आणि आपण पाकीट आहोत, हे मुलांच्या ध्यानात आपल्या समजुतीपेक्षा फार लवकर येते.

या शहराच्या इतिहासात या प्रश्नाचा एक मौजेचा पैलू सापडतो. १९४८ सालापर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता आणि येथे निजामाचा हाली सिक्का चाले. सरहद्दीपलीकडे, नाशिक-नगरकडे, इंग्रजी कलदार रुपया होता. सात हाली रुपयांना सहा कलदार, असा सामान्यतः भाव असे. म्हणजे तिकडून आलेल्या मामाने भाच्याच्या हातावर एक कलदार ठेवला, तर सराफाकडे त्याचे एक रुपया, दोन आणे, आठ पै होत. आता वडिलांनी तो कलदार आपल्याकडे ठेवून भाच्याला एक हाली रुपया दिला, तर वरचे दोन आणे आठ पै कोणाचे? उत्तर उघड आहे. देणाऱ्याने जे दिले ते सारे मुलाचे. हाली सिक्का गेला, १९५७ सालापासून दशमान नाणीही आली. पण हा हिशेब बदललेला नाही. आज फरक पडतो तो व्याजाच्या रूपाने.

कायद्याचेही म्हणणे याहून निराळे नाही. अज्ञान मुलाला देणगी घेता येते आणि ती त्याच्या मालकीची होते. पालक हा तिचा राखणदार. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याप्रमाणे, पाल्याच्या मालमत्तेच्या पालकाने सामान्य शहाणा मनुष्य स्वतःच्या धनाची घेईल तितकी काळजी त्या मालमत्तेची घ्यावयाची असते. हा राखणदार कोण, याविषयी एक प्रसिद्ध निकाल आहे. लेखिका गीता हरिहरन यांनी १९८४ साली आपल्या अज्ञान मुलाच्या नावे वीस हजार रुपयांचे रोखे घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला. पालक म्हणून सही आईची होती. बँकेने वडिलांची सही मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि १७ फेब्रुवारी १९९९ रोजी न्यायालयाने सांगितले की, कायद्यातील "पित्यानंतर माता" या शब्दांचा अर्थ पित्याच्या मृत्यूनंतर एवढाच घ्यावयाचा नाही. पिता मुलाची जबाबदारी पाहत नसेल, किंवा उभयतांनी तसे ठरविले असेल, तर आईही पालक होय. आज बँकेत आईच्या सहीने मुलाचे खाते निघते. म्हणून नोट आईच्या कपाटात जाण्याऐवजी आईच्या सहीने मुलाच्या खात्यात जावी, हे अधिक बरे.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. पहिली, एक वही करावी. तारीख, देणाऱ्याचे नाव, प्रसंग व रक्कम एवढेच तीत लिहावे; मूल लिहू लागले की वही त्याच्याच हाती द्यावी. दुसरी, आलेल्या रकमेतील लहानसा भाग त्याला मनासारखा खर्चू द्यावा. गुलमंडीवरून आणलेले खेळणे दुसऱ्या दिवशी मोडले, तर तो धडा त्या किमतीत स्वस्तच पडला. तिसरी, उरलेली रक्कम सुरक्षित ठेवावी. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला टपाल कचेरीत स्वतःच्या सहीने बचत खाते चालविता येते, आणि बँकाही आपापल्या मर्यादेत तशी मुभा देतात. दहा वर्षांच्या आतील मुलीसाठी २०१५ पासून सुकन्या समृद्धी योजना आहे. तीत वर्षाला किमान अडीचशे रुपये भरले तरी चालते, मात्र पैसा दीर्घकाळ अडकून राहतो हे जाणून भरावा. अधिक व्याजाच्या मोहाने मुलाचा पैसा कोठेही ठेवू नये. बँकेतील ठेवीस पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते, पतसंस्थेतील ठेवीस ते नसते. या शहरातील ठेवीदारांनी २०२३ साली हा भेद फार कष्टाने ओळखला.

चौथी गोष्ट कराची. जवळच्या नातेवाइकांनी दिलेल्या भेटीवर प्राप्तीकर नाही. मात्र तिच्यावरील व्याज सामान्यतः आईबापांपैकी ज्याचे उत्पन्न अधिक, त्याच्या उत्पन्नात धरले जाते.

कोणी विचारील, घरात आजारपण आले, फीची तारीख उलटू लागली, तर मुलाच्या पैशाला हात लावावयाचाच नाही काय? अवश्य लावावा, घर सर्वांचे आहे. परंतु मुलाला सांगून लावावा, आणि वहीत "उसने" असे लिहून लावावा. फेडीस वर्ष लागले तरी चालेल. आईवडिलांनी आपल्यापाशी उसने मागितले आणि ते परत केले, हे पाहिलेल्या मुलाला प्रामाणिकपणावर निराळे व्याख्यान ऐकवावे लागत नाही. याउलट "मोठा झालास की देऊ" असे सांगून ज्याचा हिशेबच कधी दिला नाही, त्या पैशाची रक्कम मूल विसरते. तो शब्द मात्र विसरत नाही.

अठरावे वर्ष पूर्ण होईल, त्या दिवशी ती वही आणि खात्याचे पुस्तक मुलाच्या किंवा मुलीच्या स्वाधीन करावे. शिल्लक कदाचित बेताचीच असेल. परंतु कोणत्या आजीने, कोणत्या काकांनी, कोणत्या प्रसंगी आपली आठवण ठेवली, हे सारे तिच्यात ओळीने लिहिलेले असेल, आणि आपल्या वस्तूला घरात कोणी हात लावला नाही याची साक्षही.