विटा, स्वयंपाकघर आणि विद्यापीठ

कामगार किती झपाट्यानं काम करतो हे मोजणारे पुष्कळ होते. तो थकतो कशानं, हे विचारणारे थोडे. अमेरिकेच्या लिलियन गिलब्रेथ त्या थोड्यांपैकी. औद्योगिक मानसशास्त्राच्या पायाभरणीत त्यांचं नाव घ्यावंच लागतं.

बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी डॉक्टरेटसाठी प्रबंध लिहिला, पण तिथे राहण्याची अट पूर्ण न झाल्यानं पदवी अडली. तो प्रबंध १९१४ मध्ये पुस्तकरूपानं आला. मुखपृष्ठावर नाव ‘एल. एम. गिलब्रेथ’ असं छापलं. लेखिका बाई आहे हे कळू नये म्हणून! पुढच्याच वर्षी ब्राउन विद्यापीठानं त्यांना डॉक्टरेट दिली. प्रबंध दुसराच होता, शिकवण्यातला अपव्यय टाळण्याविषयी.

पती फ्रँक मूळचे गवंडीकामातले. दोघं मिळून कामगारांचं चित्रीकरण करत. चौकटीतच एक घड्याळ ठेवलेलं असे, त्यामुळे हात कुठे उगाच वळतो, पाठ कुठे वाकते आणि त्यात किती वेळ जातो, हे फिल्मवर स्पष्ट दिसे.

१९२४ मध्ये फ्रँक अचानक गेले. पदरी अकरा मुलं, आणि बाईकडून सल्ला घ्यायला कारखानदार नाखूश. लिलियन स्वयंपाकघराकडे वळल्या. ओट्याची उंची, चुलीपासून मोरीपर्यंतची पावलं त्यांनी शास्त्रीय अभ्यासाला घेतली. हा विषय त्यांनी दुय्यम मानला नाही, हे मला त्यांचं मोठेपण वाटतं.

१९३५ मध्ये पर्ड्यू विद्यापीठानं त्यांना प्राध्यापक नेमलं; तिथल्या अभियांत्रिकी शाखेतल्या त्या पहिल्या महिला प्राध्यापक. १९४८ पर्यंत त्या तिथे शिकवत होत्या.