लाल पानातला हिरवा रंग

सांगलीतील एका माध्यमिक शाळेत आम्ही शिक्षकांच्या शिबिरासाठी गेलो होतो. फाटकाशी क्रोटनच्या दोन लाल-पिवळ्या कुंड्या होत्या. त्यांच्याच जोडीच्या आणखी दोन कुंड्या पावसाळ्याच्या सुरुवातीला मुख्याध्यापकांच्या खोलीत नेल्या होत्या. दिवाळीपर्यंत त्यांची बरीच जुनी पाने गळाली आणि नवी आलेली पाने जवळजवळ हिरवी निघाली. खत कमी पडले असावे, असे शिक्षकांचे मत पडले. तेवढ्यात नववीतील एका मुलीने विचारले, "सर, लाल पान अन्न तयार करते का?"

या प्रश्नाला पुष्कळदा घाईने 'नाही' असे उत्तर दिले जाते. लाल भागात हरितद्रव्य नसते, असे मुले उत्तरपत्रिकेत लिहितात आणि त्यांना गुणही मिळतात. आम्ही उत्तर न देता कोलियसचे पान उकळायला घेतले.

कोलियसच का, तर त्याचे पान पातळ असते. क्रोटनच्या जाड, मेणचट पानातून रंग निघायला फार वेळ लागतो. हिरवी कड, जांभळा पट्टा आणि मध्ये गुलाबी भाग असलेले पान भर उन्हाच्या दिवशी दुपारी तोडावे. रंगांचा नकाशा वहीत काढून घ्यावा. ही पायरी वगळली तर पुढचे सारे व्यर्थ. पान पाण्यात उकळले की पाणी तांबूस होते, जांभळा पट्टा हिरवा दिसू लागतो आणि गुलाबी भाग पांढुरका पडतो. लिंबू पिळल्यावर ते पाणी अधिक लाल होते, तर खाण्याचा सोडा टाकल्यास निळसर-हिरवट छटा येते. मग पान स्पिरिटमध्ये ठेवून ते भांडे गरम पाण्यात धरावे. स्पिरिट थेट ज्योतीवर कधीही तापवू नये, आणि गरम पाण्यात धरण्यापूर्वी दिवा विझवावा. हरितद्रव्य निघून गेल्यावर पान धुऊन त्यावर आयोडीन टाकावे. कड आणि जांभळा पट्टा दोन्ही काळे-निळे होतात, म्हणजे तेथे पिष्ट आहे. गुलाबी भाग मात्र होत नाही.

याचे कारण असे, की लाल-जांभळा रंग अँथोसायनिनचा असतो. ते पेशीतील रिक्तिकेच्या पाण्यात विरघळलेले असते. हरितद्रव्य आणि पिवळी-नारिंगी कॅरोटिनॉइडे हरितलवकांसारख्या लवकांत असतात आणि पाण्यात विरघळत नाहीत. त्यामुळे लाल रंगाखाली हरितद्रव्य लपलेले असू शकते, किंवा नसूही शकते. नुसत्या डोळ्यांनी ते कळत नाही.

आता मुख्याध्यापकांच्या खोलीकडे वळू. अँथोसायनिन तयार व्हायला भरपूर उजेड लागतो. तीव्र प्रकाशापासून पानाचे रक्षण करणे हे त्याचे एक काम मानले जाते. आंब्याची कोवळी पालवी तांबूस असते तीही बहुधा यासाठीच. खोलीत उजेड कमी, म्हणून नवी पाने हरितद्रव्य वाढवतात आणि लाल रंग आवरतात. तेथे कितीही खत घातले तरी ती लाल होणार नाहीत.

हा क्रोटन मूळचा इंडोनेशिया, मलेशिया आणि पॅसिफिक बेटांकडचा, दमट हवेचा. (वनस्पतिशास्त्रात तो क्रोटन नव्हेच, कोडिएअम आहे. खऱ्या क्रोटन प्रजातीतला आपल्या ओळखीचा म्हणजे जमालगोटा! दोघेही एरंडाच्या कुळातले. कुंडीतल्या क्रोटनचा चीक त्वचेला त्रास देतो, तेव्हा मुलांना हात धुवायला लावावे.) सांगलीचा कोरडा उन्हाळा त्याला मानवत नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारची सावली द्यावी. कोलियसला तर सकाळचेच ऊन पुरे. नुसती काळी माती कुंडीत घातली तर पाणी साचून मुळे गुदमरतात. तिच्यात वाळू आणि कुजलेले शेणखत सढळ हाताने मिसळावे. कृष्णाकाठी क्षारपड जमिनीचा प्रश्न सर्वांना ठाऊक आहे. तोच प्रश्न खाऱ्या बोअरच्या पाण्याने कुंडीत उभा राहतो. कुंडीवर पांढरी पुटे दिसली आणि पानांच्या कडा करपल्या, तर पावसाचे पाणी द्यावे. पिठ्या ढेकूण तासगावच्या द्राक्षबागायतदाराला जसा छळतो तसा क्रोटनलाही. तो ओल्या फडक्याने पुसून काढावा.

नवे रोप बियांपासून करू नये, कारण आईबापांचे रंग त्यात तसेच उतरतील याचा भरवसा नसतो. आटपाडीकडे डाळिंबाची गुटी बांधतात तशीच पावसाळ्यात क्रोटनची बांधावी. रंगीत झुडपावर निखळ हिरवी फांदी फुटली तर ती लगेच छाटावी. तिच्यात हरितद्रव्य जास्त असल्याने ती जोमाने वाढते आणि बाकीच्यांना झाकून टाकते.

त्या दोन कुंड्या जानेवारीत आधी व्हरांड्यात आणि पंधरा दिवसांनी फाटकाशी आल्या. एकदम उन्हात ठेवल्या असत्या तर पाने भाजली असती. जुनी हिरवी पाने फारशी बदलली नाहीत. मार्चमध्ये शेंड्याला आलेली चार पाने मात्र पिवळ्या शिरांची होती, आणि त्या मुलीने त्यांच्या तारखा वहीत टिपून ठेवल्या होत्या.