आभासी लिनक्स सर्व्हर बंद पडण्यामागील संसाधन-मर्यादा : कारणे व शोधपद्धती

शहापूर व मुरबाड यांसारख्या ग्रामीण तालुक्यांतील महाविद्यालयांना स्वतंत्र सर्व्हर कक्ष, अखंड वीज व वातानुकूलन सांभाळणे सहसा परवडत नाही. त्यामुळे ‘मूडल’ ही अध्यापन प्रणाली वा ‘कोहा’ ही ग्रंथालय प्रणाली भाड्याच्या आभासी लिनक्स सर्व्हरवर ठेवणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो. असा सर्व्हर एरवी सुरळीत चालतो आणि नेमका अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी कोसळतो. डोळखांब किंवा टोकावडे येथून एस.टी.ने आलेला विद्यार्थी अर्ज न भरताच परततो आणि दोष ‘नेट’ला दिला जातो. या बिघाडाच्या एका दुर्लक्षित कारणाचे, म्हणजे संसाधन-मर्यादेचे, विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

मर्यादा कोठे असते?

आभासीकरणाचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. केव्हीएम वा झेन या पद्धतींत प्रत्येक आभासी यंत्राचा कर्नेल स्वतंत्र असतो. स्मृती संपल्यास त्याची नोंद बहुधा त्याच यंत्राच्या लॉगमध्ये सापडते. ओपनव्हीझेड, एलएक्ससी, डॉकर या कंटेनर पद्धतींत मात्र अनेक कंटेनर एकच कर्नेल वापरतात आणि प्रत्येकाचा वाटा तो कर्नेलच ठरवून देतो. काही कंटेनरमध्ये ‘फ्री’ ही आज्ञा मूळ यंत्राची एकूण स्मृती दाखविते, आपला वाटा नव्हे. शहापूरच्या वाचकांस हा भेद वेगळा समजावून सांगावयास नको. भातसा व तानसा यांचे जलाशय तालुक्यातच असूनही उन्हाळ्यात अनेक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. धरणातील साठा निराळा, वाट्याचे पाणी निराळे.

नकाराची नोंद

२००५ मध्ये खुल्या झालेल्या ओपनव्हीझेडमध्ये ‘युजर बीनकाउंटर्स’ नावाची फाइल असे. प्रत्येक संसाधनासमोर सध्याचा वापर, आजवरचा कमाल वापर, दोन पातळ्यांची मर्यादा आणि शेवटी ‘फेलकाउंट’, म्हणजे किती वेळा मागणी नाकारली गेली तो आकडा, अशी तिची रचना होती. हा शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा. तेथे स्मृतीची मागणी नाकारली गेली की प्रक्रिया स्वतःच बंद पडे आणि नेहमीच्या लॉगमध्ये पुष्कळदा काहीच उमटत नसे.

२००८ च्या २.६.२४ कर्नेलपासून ‘सीग्रुप’ ही यंत्रणा मूळ लिनक्समध्ये आली. तिच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘मेमरी डॉट मॅक्स’ ही फाइल मर्यादा सांगते, तर ‘मेमरी डॉट इव्हेंट्स’ मधील ‘ओओएम किल’ हा आकडा किती प्रक्रिया मारल्या गेल्या ते सांगतो. डॉकरमध्ये १३७ हा निर्गमन-संकेत दिसल्यास प्रक्रिया सक्तीने थांबविली गेली असे समजावे. त्यामागे स्मृतीच असेल असे नाही, परंतु पहिला संशय तिच्यावरच घ्यावा.

एक हिशेब

समजा, कंटेनरला १०२४ मेगाबाइट स्मृती दिली आहे. मायएसक्यूएल व इतर सेवा ४२४ मेगाबाइट घेतात, उरतात ६००. अपाचेची प्रत्येक प्रक्रिया ४० मेगाबाइट घेत असेल तर एकाच वेळी १५ प्रक्रियाच मावतील. पण अपाचेच्या प्रीफोर्क पद्धतीत मूळ कमाल संख्या २५६ असते. तेवढ्या प्रक्रियांना सुमारे १० गिगाबाइट लागतील! साठ विद्यार्थ्यांनी एकदम चाचणी उघडली की मर्यादा ओलांडली जाते. तेव्हा कर्नेल सामान्यतः सर्वाधिक स्मृती व्यापणारी प्रक्रिया निवडून मारतो, आणि ती बहुधा मायएसक्यूएल असते. पडद्यावर ‘डेटाबेसशी संपर्क नाही’ असे दिसते व चौकशी डेटाबेसची सुरू होते. वस्तुतः डेटाबेस येथे बळी असतो, गुन्हेगार अपाचेची मांडणी.

पुरावा आधी, रीस्टार्ट नंतर

सर्व्हर अडला की तो पुन्हा सुरू करण्याची आपली सवय समजण्यासारखी असली तरी घातक आहे. कंटेनर नव्याने सुरू होताच वरील आकडे सहसा शून्यावर येतात. म्हणून आधी त्या फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवावी. लॉगमधील वेळ पाहताना सर्व्हरचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर आहे का तेही तपासावे. आपल्याकडे सकाळी साडेअकराला घडलेला बिघाड तेथे सहा वाजताचा दिसेल. प्रस्तुत लेखकाच्या मते निम्म्या चौकशा येथेच भरकटतात.

स्मृती मुबलक असूनही सेवा थांबली तर प्रक्रियांची संख्या व उघड्या फाइलींची मर्यादा पाहावी. ‘टू मेनी ओपन फाइल्स’ हा संदेश दुसऱ्या मर्यादेकडे बोट दाखवितो. स्मृती वाढवून तो जात नाही.

वरील उदाहरणात पहिला उपाय विनाखर्चाचा आहे : अपाचेची कमाल संख्या १५ किंवा त्याहून थोडी कमी ठेवणे. सोळावा विद्यार्थी मग काही क्षण रांगेत थांबेल, पण आधीच्या पंधरांचे काम बुडणार नाही. रांग फारच लांबत असेल तर अधिक स्मृती विकत घ्यावी, आणि सेवापुरवठादारास पत्र लिहिताना ‘सर्व्हर वारंवार बंद पडतो’ असे मोघम न लिहिता जपून ठेवलेले आकडे, तारीख व वेळ जोडावी.